बुलेटच्या माहेरी जाण्याचा बेत



आपल्या भागातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारावी, तर हमखास १ जून निघते. पोराला शाळेत घालायला नेले की मास्तर त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का एवढे बघत आणि दाखल्यावर १ जून टाकून मोकळे होत. आईला विचारले तर ती सांगणार, "बेंदराच्या आदल्या दिवशी झाला, त्या साली वढ्याला पूर आलता." तेव्हा खरा वाढदिवस कुठला हा प्रश्नच असतो. तरीपण जून उजाडला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, केक कापला जातो, त्यातला निम्मा तोंडाला फासला जातो आणि ज्याचा वाढदिवस ते म्हातारे माणूस खुर्चीवर अवघडून बसलेले असते.

यंदा आमच्या गटातील एका जुन्या सभासदांची पंचाहत्तरी आहे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, आम्हीही तसेच म्हणू. थोरल्या चिरंजीवांनी फ्लेक्स, मांडव आणि गावजेवण असा बेत मांडला होता. धाकट्यांचे म्हणणे, त्या पैशात आबांना सोन्याची अंगठी करावी. आबांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि म्हणाले, "जेवणं घाला, माझी ना न्हाई. पर मला इचारशीला, तर मला माझी बुलेट जिथं झाली त्यो कारखाना बघायचाय. पाय हायत तवर."

घरात क्षणभर कुणी बोलेना. कारण असे, की मागल्या साली आबांच्या हृदयाची एक शीर बंद झाली. फुगा घालून ती मोकळी केली, आत जाळी बसवली. डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली, पण बुलेटची किक मारायची नाही असे बजावले. १९८१ साली उसाच्या बिलातून घेतलेली ती गाडी तेव्हापासून सोप्यात उभी आहे. रविवारी नातू ती चालू करतो आणि आबा शेजारी खुर्ची टाकून आवाज ऐकतात. टायमिंग जरा इकडे-तिकडे झाले तरी बसल्या जागेवरून सांगतात.

आबांची नात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. कंपनीला अर्ज कसा करायचा हे विचारायला ती गट ऑफिसात आली आणि तिथे बसलेले आम्ही सगळेच या बेतात ओढले गेलो. भेट अजून व्हायची आहे. परंतु बेत करता करता ज्या गोष्टी कळल्या, त्या इतर सभासदांच्या घरीही उपयोगी पडाव्यात म्हणून लिहीत आहोत. परदेशात वाढदिवसाला अशी भेट देण्याचा रिवाज चांगलाच रुळला आहे. इटलीत बोलोन्याजवळ डुकाटीच्या कारखान्यात, इंग्लंडात हिंक्लीला ट्रायम्फच्या कारखान्यात लोक हौसेने पैसे भरून जातात. आपल्याकडे कारखाना बघायला जायचे म्हणजे शाळेची सहल, एवढेच डोक्यात असते.

कुठला कारखाना बघायचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा निघाला नाही. त्या काळी आपल्या सभासदांनी ज्या गाड्या घेतल्या, त्यांची जन्मस्थाने बघू गेल्यास बरीचशी मोडली आहेत. दूधवाल्यांची राजदूत फरिदाबादची, एस्कॉर्ट्‌सने केलेली; ती बंद होऊन जमाना झाला. येझदी-जावा म्हैसूरच्या आयडियल जावाची. १९६१ मध्ये सुरू झालेला तो कारखाना १९९६ मध्ये कायमचा मिटला. पुढे २०१८ मध्ये जावाचे नाव पुन्हा बाजारात आले, पण ते दुसऱ्या कंपनीकडून. १९७२ साली आलेली लुना आपल्या अहमदनगरच्या कायनेटिकची. आबांच्या मंडळींना, म्हणजे काकींना, वाढदिवसाला कुठे नेणार असे कुणी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लुनावर मी बसले ती एकदाच, आनि पडले. मला न्हाई कुठं जायाचं."

आम्ही सुचविले होते चाकणचे. पुण्याजवळ, सकाळी निघून रात्री घरी. बजाज ऑटोच्या तिथल्या कारखान्यात मोटारसायकली होतात, केटीएम होते, आणि २०२३ पासून इंग्लंडच्या ट्रायम्फची ४०० सीसीची गाडीही तिथेच होते. आबांच्या तब्येतीच्या दृष्टीने हे बरे पडले असते. आबांनी एका वाक्यात निकाल लावला. "पल्सर नातवाची. त्यानं बघावी."

राहिली बुलेट. ती मात्र अजूनही होते आणि मूळ गावाजवळच होते, ही आबांच्या नशिबाची गोष्ट. हिचा इतिहास थोडक्यात सांगावा असा आहे. रॉयल एनफील्ड कंपनी मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. तिची पहिली मोटारसायकल १९०१ ची, आणि 'बुलेट' हे नाव १९३२ पासूनचे. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी भक्कम गाडी हवी होती, त्यातून मद्रास मोटर्स या कंपनीकडे मागणी आली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचवाले मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासच्या उत्तरेला तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे नुसती जोडणी व्हायची. पुढे सगळेच इथे होऊ लागले. गंमत अशी की रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि लेक सासरी सुखाने नांदत राहिली. १९७७ पासून तर आपण बुलेट उलट इंग्लंडला पाठवू लागलो. १९९४ मध्ये ही कंपनी आयशरकडे गेली. आयशर म्हटल्यावर सभासदांना ट्रॅक्टर आठवेल. तीच ही आयशर; ट्रॅक्टरचा धंदा त्यांनी २००५ मध्ये टॅफेला विकला.

आता अडचण इथे आली. आबांच्या गाडीच्या टाकीवर नुसते 'एनफील्ड' लिहिले आहे आणि ती तिरुवोट्टियूरची आहे. परंतु कंपनीचे नवे कारखाने चेन्नईच्या दुसऱ्या अंगाला, नैऋत्येला आहेत; ओरगडमचा २०१३ चा आणि वल्लम वडगलचा २०१७ चा. गाडी आज कशी होते हे बघायचे तर ओरगडमकडे जायला हवे. शहराची दोन टोके, मध्ये चेन्नईची रहदारी. नातीने आबांपुढे दोन्ही गोष्टी मांडल्या. बराच विचार करून ते म्हणाले, "चालू कारखाना बघू. जुन्याचं गेट तेवढं भाइरनं दावा, पाया पडून येतो." तेव्हा अर्ज ओरगडमचा आणि तिरुवोट्टियूरचे गेट परतीच्या वाटेवर, असे ठरले.

आधी होकार, मग तिकीट

अशा बेतात बहुतेकांची गल्लत इथेच होते. रेल्वेचे आरक्षण आधी काढतात, लॉजवाल्याला ॲडव्हान्स देतात आणि मग कंपनीला फोन लावतात. मोटारसायकलचा कारखाना म्हणजे देऊळ नव्हे, की दार उघडे आहे आणि आपण गेलो. कंपन्या अशा भेटी कधी ठराविक वारी ठेवतात, कधी नवे मॉडेल लाइनवर असेल तर महिनोन् महिने बंद ठेवतात. कुणाच्या मेव्हण्याने चार वर्षांपूर्वी बघितला, या भरवशावर सहाशे-सातशे मैल जाऊ नये. लेखी होकार हातात पडल्याशिवाय एक रुपयाही खर्च करायचा नाही, हा आम्ही या बेताचा पहिला नियम केला.

अर्ज नातीने इंग्रजीत लिहिला, पण मजकूर गट ऑफिसात बसून सर्वांनी मिळून ठरवला. किती माणसे (पाच), प्रत्येकाचे वय, ओळखपत्र कोणते, एका तारखेऐवजी तीन तारखा, ज्येष्ठ गृहस्थांना जिने चढणे कितपत जमेल, मध्ये बसायला मिळेल काय, आणि मराठी किंवा हिंदी समजणारे कुणी बरोबर देता येईल काय. आम्ही त्यात आणखी एक वाक्य घालायला लावले : सदर गृहस्थ ऊस उत्पादक शेतकरी असून आपली बुलेट १९८१ पासून वापरत आहेत. नातीला ते थोडे जास्तीचे वाटले. आमचा अनुभव असा, की अर्ज वाचणारा शेवटी माणूसच असतो. आपल्या कारखान्यातही भेटीसाठी 'आम्ही अमुक कॉलेजचे ८० विद्यार्थी' असे अर्ज येतात, पण एखाद्याने 'माझे वडील याच कारखान्यात फिटर होते' असे लिहिले, तर त्याला आमचे टाइमकीपरसुद्धा गेटपर्यंत सोडायला जातात.

तारखांचे गणित बसवताना मजा आली. कागदोपत्री वाढदिवस १ जूनचा. त्या वेळी चेन्नईत ऊन असे, की तरणाताठा माणूस भाजून निघेल. शिवाय इकडे पाऊस तोंडावर, पेरणीची घाई. खरा जन्म बेंदराचा, पण तेव्हा आडसालीच्या लागणीसाठी रान तयार करायचे असते. ऑक्टोबर ते डिसेंबरात त्या बाजूला पावसाळा. त्यांचा मोठा पाऊस आपला ओसरल्यावर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण आपला हंगाम ऐन भरात, तोडणीची चिठ्ठी कधी येईल याचा नेम नाही. आणि जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तेव्हा तिकडे तीन-चार दिवस सगळे बंद. शेवटी मास्तरांनीच तारीख अंदाजे टाकली असेल, तर आपण ती थोडी सरकवली म्हणून काय बिघडले, या मुद्द्यावर सर्वांचे एकमत झाले. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरला आहे. आडसाली लागण उरकलेली, गणपती यायचे. १५ ऑगस्ट आणि रविवार वगळून तीन तारखा दिल्या.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी १२० दिवस असायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदलले. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, तेव्हा हिशेब पूर्ण भाड्याचाच धरावा. मात्र ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. फॉर्म भरताना पाचही जण एकाच तिकिटावर घातले तर तो मिळणे अवघड जाते. म्हणून आबा आणि काकी यांचे तिकीट वेगळे काढायचे ठरले. होय, काकी आता येणार आहेत. कशा तयार झाल्या ते पुढे येते.

रस्ता ठरवायला वेळ लागला नाही. कोल्हापूरहून तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेस जाते. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल या वाटेने. दरसाल नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. बालाजीच्या गावावरून जायचे आणि पुढे कांचीपुरमला मुक्काम, असे कळताच काकींनी लुनाचा राग सोडला. तिरुपतीहून भाड्याच्या गाडीने कांचीपुरम अडीच-तीन तास आणि तिथून ओरगडम तासाभराच्या आसपास. दर्शन आधी की कारखाना आधी, यावर थोडी चर्चा झाली. आमचे मत कारखाना आधी असे पडले. तिरुमलाच्या रांगेत एक दिवस गेला की आबांचे पाय दुसऱ्या दिवशी बोलणारच, आणि कारखान्याची वेळ एकदा चुकली की चुकली. देव थांबेल, शिफ्ट थांबणार नाही. काकींना हे पटायला दोन दिवस लागले.

आपल्याच कारखान्यात रंगीत तालीम

आबा किती चालू शकतात, हे कुणालाच नक्की माहीत नव्हते. थोरले म्हणत, "शेतात तर दिवसभर फिरतात." पण शेतात माणूस मनाला येईल तेव्हा बांधावर बसतो. कारखान्यात सिमेंटच्या फरशीवर, घोळक्याबरोबर, गाइड नेईल तसे जावे लागते. तेव्हा हंगाम संपण्यापूर्वी, फाल्गुनात, आबांना आपल्याच कारखान्यात एक चक्कर मारून आणावी असे ठरले. शेतकी अधिकाऱ्यांनी आणि चीफ केमिस्टांनी लगेच परवानगी दिली.

इथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. आबा पन्नासेक वर्षांचे सभासद. वजनकाटा, गव्हाण, शेतकी ऑफिस, बिल वाटपाची खिडकी आणि वार्षिक सभेचा मांडव हे त्यांना पाठ. परंतु गव्हाणीच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. असे सभासद पुष्कळ आहेत. आपला ऊस आत जातो आणि पोते बाहेर येते, मधले आपल्याला ठाऊक नाही. त्या दिवशी आबा मिल हाउसमध्ये बराच वेळ उभे राहिले. बगॅस बॉयलरकडे जाताना बघून म्हणाले, "म्हंजी उसाच्या चिपाडावरच हे समदं चालतंय." पॅनवर कामगाराने काचेच्या पट्टीवर साखरेचा दाणा धरून दाखवला, तो त्यांनी दोनदा बघितला.

तालमीतून कळले ते असे. पहिले, धोतर चालणार नाही. फिरत्या यंत्राजवळ सैल कपडा म्हणजे धोका. आपल्याकडेही तो नियम आहे आणि मोटारसायकलच्या कारखान्यात तर असणारच. आबांनी जन्मात धोतराशिवाय काही नेसले नाही. शेवटी शिंप्याकडून खाकी विजार शिवून घेतली. तिला ते 'मिलिटरीची' म्हणतात, म्हणून चालते. दुसरे, कोल्हापुरी पायताण चालणार नाही. बंद बूट लागतात. त्या दिवशी नवा कोरा बूट घातला आणि अर्ध्या तासात टाचेला फोड आला. तेव्हा आतापासून रोज संध्याकाळी देवळापर्यंत बूट घालून जायचे असा वार लावला आहे. तिसरे, ऐकण्याचे यंत्र. मिलच्या आवाजात ते इतके केकाटले की आबांनी काढून खिशातच टाकले. मोठ्या आवाजाच्या जागी ते बंद ठेवावे आणि गाइडचे बोलणे नातीने वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवावे, असे ठरले. चौथे, लोखंडी जाळीच्या जिन्यावरून खाली बघितले की त्यांना गरगरते. हे आधी कळले ते फार बरे झाले. अर्जात जिन्याचा उल्लेख आम्ही त्यानंतरच ठळक केला.

आणि पाचवे, एक तास दहा मिनिटे. एवढे ते चालले, मध्ये दोनदा बसले. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, गोळ्यांचा एक वेगळा डबा आणि कागदपत्रांची झेरॉक्स बरोबर ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "जाऊ देत. घरी बसून जास्त त्रास करून घेतील." मोबाइल आणि कॅमेरा लाइनवर बहुधा नेऊ देत नाहीत, तेव्हा फोटोची हौस गेटवरच भागवायची आहे. घरातल्या पोरांना हे ऐकून वाईट वाटले. आम्हाला बरे वाटले.

तिकडे काय बघायचे याचाही नातीने अभ्यास करून ठेवला आहे, आणि तो आम्हाला तिने चांगला समजावून दिला. आपल्या कारखान्यात अख्ख्या उसाचे तुकडे होतात. तिथे तुकड्यांची गाडी होते, एवढा मूळ फरक. एका बाजूला नळ्या वाकवून-जोडून सांगाडा म्हणजे चेसिस होते. दुसरीकडे इंजिनाच्या कवचांचे मशीनिंग होते, क्रँक, पिस्टन, गिअर बसतात. रंगाचे काम बंद खोलीत, कारण धुळीचा एक कण बसला तरी टाकी बाद. मग लाइनवर पुढे पुढे सरकत सांगाड्यात इंजिन उतरते, चाके येतात, वायरिंग येते, आणि शेवटी गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवून बघतात. पण आबांना खरे बघायचे आहे ते वेगळेच. बुलेटच्या टाकीवरची सोनेरी बारीक रेघ. यंत्रमानव रंग मारत असले, तरी ती रेघ आजही माणूस हाताने, ब्रशने ओढतो. आबांच्या गाडीवरची रेघ उजव्या गुडघ्याच्या घासण्याने पार पुसट झाली आहे. ती ओढणारा हात कसा चालतो, हे त्यांना बघायचे आहे.

आपल्या उसाचा सवाल

आता या बेतातला जो भाग सर्वच सभासदांच्या कामाचा आहे, त्याकडे वळू. आबा कंपनीला विचारणार आहेत : माझ्या उसाचे इथेनॉल माझ्याच गाडीला सोसते का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. ऊसवाल्याला त्याचा फायदा झाला हे आपण जाणतोच, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आले तेव्हा काय ताण पडला, तोही आपण भोगला आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. नव्या बुलेटची टाकी १३ लिटरची, म्हणजे तिच्यात इथेनॉल २.६ लिटर. एका टनात अशा सव्वीस-सत्तावीस टाक्यांचा वाटा निघतो. आबांनी हा हिशेब सोप्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

परंतु १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या या पेट्रोलचा विचार करून केलेल्या आहेत. आबांची १९८१ ची नाही. इथेनॉलच्या अंगी थोडा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या ठरलेल्या जेटमधून जाताना मिश्रण पातळ पडते आणि इंजिन जरा जास्त तापते. नव्या गाडीत इंजेक्शन आणि सेन्सर असतात, ते आपोआप जुळवून घेतात. दुसरे असे की इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी धरते आणि पत्र्याला गंज चढतो. तिसरे, जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर फुगतात, नरम पडतात. ॲव्हरेजचे म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज या मिश्रणावर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. चहाच्या टपरीवर निम्मे ॲव्हरेज गेले म्हणून सांगणारे भेटतात; तेवढे मात्र खरे नाही.

तेव्हा सोप्यात जुनी गाडी उभी असेल त्यांनी इतके तरी करावे. गाडी पंधरवड्यातून एकदा चालवावी, नाहीतर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. पेट्रोलची रबरी नळी एकदा नवी, चांगल्या प्रतीची बसवून घ्यावी. इंजिन जास्त तापते असे वाटल्यास जाणत्या मिस्त्रीकडून जेट बघून घ्यावा. आबांच्या नातवाने यातले पहिले दोन केले आहे. तिसऱ्याबद्दल आबांचे म्हणणे, ते कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही.

पुढचीही एक गोष्ट आहे. टीव्हीएसने २०१९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली होती. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालणारी आणली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात रॉयल एनफील्डनेही आपल्या क्लासिक ३५० चा असा नमुना मांडला होता. तो नमुना कुठवर आला, हे विचारायचे आहे. नात म्हणाली, "आबा, असलं सगळ्यांसमोर सांगणार नाहीत ते." आबा म्हणाले, "न सांगू देत. ऊस घालनारा म्हातारा येवढ्या लांबनं इचारायला आलता, हे तर त्यास्नी कळंल."

आबांचे प्रश्न नातीच्या वहीत लिहून झाले आहेत. पहिला जेटचा, दुसरा त्या नमुन्याचा. तिसरा सुट्या भागांचा : ३४६ सीसीच्या जुन्या बिडाच्या इंजिनाचा अस्सल पिस्टन आणखी किती वर्षे मिळेल. चौथ्याचा इंजिनाशी संबंध नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. तो उलटा केला तेव्हा जुन्या माणसांना कुणी का विचारले नाही, असा तो आहे. हा वगळावा असे धाकट्या चिरंजीवांचे मत आहे, पण तो राहणार असे दिसते.

जेवण ठरल्याप्रमाणे १ जूनलाच आहे, फ्लेक्स रद्द झाला. ज्या सभासदांकडे अशीच जुनी गाडी आहे आणि ज्यांना काही विचारायचे आहे, त्यांनी आपला प्रश्न, गाडीचे साल आणि सभासद क्रमांक लिहून जुलैअखेर गट ऑफिसात आणून द्यावा. वहीत अजून सहा पाने कोरी आहेत.